नाव दगडाचे, घर झाडाचे

सुरतेच्या पांडेसऱ्यात पोटापाण्यासाठी स्थायिक झालेल्या खानदेशी घरांतून मसाल्याच्या डब्यात दगडफूल असतेच. वाचकहो, हे फूल नव्हे. आणि बाजारात मिळणारे बहुतेक दगडावरचेही नव्हे! हिमालयाच्या व दक्षिणेकडील डोंगरांच्या अरण्यांत झाडांच्या सालीवरून ते खरवडून आणतात.

शास्त्रज्ञ यास शैवाक म्हणतात. बुरशी व शैवाल यांनी मांडलेला हा एकत्र संसार होय. बुरशी आसरा देते, ओलावा धरून ठेवते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. श्वेंडेनर या स्विस पंडिताने १८६७ साली हे मांडले, तेव्हा अनेक विद्वानांनी ते मानलेच नाही.

शैवाकास मुळे नसतात. त्याचे सारे पोषण हवा व पाऊस यांवर. म्हणूनच कोळशाच्या धुरातील गंधकवायू त्याच्या मुळावर येतो. पॅरिसच्या एका उद्यानात निलांडेर यांनी १८६६ सालीच हे टिपले होते. रंगाई-छपाईच्या गिरण्यांनी वेढलेल्या पांडेसऱ्यात दगडफूल झाडावर नव्हे, डब्यातच भेटावे यात नवल नाही.

कॅनडा व उत्तर युरोपातील वृक्षांवर वाढणारे एक शैवाक २००३ साली जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदले गेले. सह्याद्रीतील शैवाकांचे वाळवलेले नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत जपलेले आहेत. अरण्यातले दगडफूल मात्र वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते, आणि खरवडणाऱ्यास क्षणभर पुरतो.