रक्तदाबाची गोळी बदलली तर...





शाळा सुटताना फाटकाजवळ नातवंडांची वाट पाहत उभ्या असलेल्या मंडळींचे बोलणे आमच्या कानावर पडत असते. "डॉक्टरांनी बी.पी.ची गोळी बदलली, पण मला मानवली नाही. मी बंदच करून टाकली." हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे. गोळी न मानवणे खरे असू शकते. परंतु ती आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे, म्हणून या अंकात हा विषय घेत आहोत.

प्रत्येक गोळीची काम करण्याची रीत निराळी, म्हणून तिचा त्रासही निराळा. अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते. त्यामुळे काहींच्या घोट्यांवर सूज येते. मात्रा कमी केल्यास किंवा औषध बदलल्यास ती बहुधा उतरते. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. तो सर्दीचा नसल्याने काढ्याने जात नाही. अशा वेळी डॉक्टर टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन देतात आणि खोकला साधारणपणे १ ते ४ आठवड्यांत थांबतो. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. त्या बहुधा सकाळी घ्यायच्या असतात, म्हणजे रात्री उठावे लागत नाही. त्यांनी रक्तातले सोडियम व पोटॅशियम कमी होऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली रक्ततपासणी टाळू नये. माळव्याच्या उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या, तर ही गोळी चालू ठेवावी की नाही, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल एकाएकी सोडल्यास हृदयाची गती व रक्तदाब उसळू शकतो, छातीत दुखू शकते. क्लोनिडिनचेही तसेच आहे. म्हणून या गोळ्या डॉक्टर हळूहळू कमी करतात.

नवीन गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला बहुधा २ ते ४ आठवडे लागतात. दोन दिवसांत "गुण नाही" असे ठरवू नये. सुरुवातीला उभे राहताना चक्कर येऊ शकते. अंथरुणातून उठताना आधी काठावर दोन मिनिटे बसावे, मग आधार धरून उठावे. चक्कर थांबली नाही, किंवा पडायला झाले, तर डॉक्टरांना लगेच कळवावे.

आणखी एक चूक घरोघरी होते. जुन्या पाकिटातली गोळी आणि नवी गोळी, दोन्ही घेतल्या जातात. कंपनीने दिलेले नाव वेगळे असले, तरी आतले औषध कधी कधी एकच असते. पर्चा आणि दोन्ही पाकिटे औषधवाल्याला दाखवून खात्री करावी आणि बंद केलेले पाकीट डब्यातून काढून टाकावे. गुडघेदुखीसाठी आपणच आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनीही रक्तदाब वाढतो, आणि दोष मात्र नव्या गोळीला लागतो. त्यांच्याबद्दलही डॉक्टरांना सांगावे.

यात आमचे विद्यार्थी मदत करू शकतात. सातवी-आठवीच्या मुलाने एका वहीत तारीख, गोळीचे नाव, घेतल्याची वेळ, रक्तदाब आणि त्रास असे पाच रकाने आखावेत. मोजण्यापूर्वी आजोबांना ५ मिनिटे शांत बसवावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर असावा. सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहावेत. "बरे वाटत नाही" एवढेच सांगण्यापेक्षा ही वही दाखवली, तर डॉक्टरांना गोळी ठरवणे सोपे जाते.

मात्र ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणे, श्वास अडकणे, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, बोलणे अडखळणे किंवा एक हात-पाय लुळा पडणे, यांपैकी काही दिसल्यास वहीची वाट पाहू नये. १०८ला फोन करून तात्काळ रुग्णालय गाठावे.

रक्तदाबावर गोळ्यांचे अनेक प्रकार आहेत. एक मानवली नाही, तर दुसरी मिळते. ती मिळेपर्यंतचे दिवस औषधाविना जाऊ नयेत, म्हणून त्रास सुरू होताच डॉक्टरांना फोन करावा, ही सर्व आजी-आजोबांना आमची आग्रहाची विनंती.