माकडाचा मधुमेह आणि आपला

कळव्याहून खाडीपूल ओलांडून ठाण्यात गेले की पलीकडे येऊरचा डोंगर दिसतो. हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. या जंगलात माकडे आहेत, वानरे आहेत, आणि त्यांना केळी, शेंगदाणे, वेफर्स खाऊ घालणारी माणसेही आहेत. मुक्या प्राण्याला चार घास दिले तर बिघडले कुठे, असे विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर मधुमेहाच्या संशोधनात सापडते.

केनियातील अंबोसेली येथे संशोधकांनी बबून माकडांचे कळप अभ्यासले. काही कळप दिवसभर भटकून अन्न शोधत. एक कळप मात्र पर्यटक निवासाच्या उकिरड्यावर पोट भरी. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भटकणाऱ्या माद्यांच्या शरीरात चरबी सुमारे २ टक्के होती, तर उकिरड्यावरच्या माद्यांत सुमारे २३ टक्के. पुढे रक्त तपासले, तेव्हा उकिरड्यावर जगणाऱ्यांत इन्सुलिनही जास्त आढळले. जात एक, हवापाणी एक. फरक होता तो खाण्यात आणि चालण्यात.

उंदीर का पुरत नाही?

मधुमेहाचे बहुतेक प्रयोग उंदरांवर होतात. ते स्वस्त असतात आणि त्यांची पैदास झपाट्याने होते. पण स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची जी बेटे असतात, त्यांची रचना उंदरात वेगळी असते. उंदराच्या बेटात इन्सुलिनच्या बीटा पेशी मध्यभागी आणि इतर पेशी कडेला असतात. माणसात आणि माकडात त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. बीटा पेशी इन्सुलिनबरोबर अमायलिन नावाचे ३७ अमिनो आम्लांचे एक छोटे प्रथिन सोडतात. टाईप-२ मधुमेहात माणसाच्या बेटांमध्ये या प्रथिनाचे चिवट धागे साचतात आणि बीटा पेशी घटत जातात. उंदराच्या अमायलिनमध्ये मोक्याच्या जागी प्रोलीन हे अमिनो आम्ल तीनदा येते, त्यामुळे धागे बनतच नाहीत. ऱ्हीसस माकडात मात्र ते आपल्यासारखेच साचतात.

शिवाय पिंजऱ्यात हवे तेवढे खायला मिळाले की ऱ्हीसस माकडाचे पोट मध्यम वयात सुटते. त्यांतील काहींना पुढे आपोआप मधुमेह होतो. त्यासाठी औषध टोचावे लागत नाही.

अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात बार्बरा हॅन्सन यांनी अशी माकडे वर्षानुवर्षे निरीक्षणाखाली ठेवली. रक्तातील साखर वाढण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचे इन्सुलिन वाढलेले असते, असे दिसले. म्हणजे रोग कळतो त्याच्या बराच आधी तो सुरू झालेला असतो. १९९३ साली हॅन्सन आणि बॉडकिन यांनी आणखी एक निष्कर्ष मांडला. अन्न मोजून देऊन ज्या माकडांचे वजन स्थिर ठेवले होते, त्यांतील एकालाही मधुमेह झाला नाही. मनसोक्त खाणाऱ्यांतील काहींना झाला. माणसाचे प्रत्येक जेवण अशी वर्षानुवर्षे मोजून देणे जवळजवळ अशक्यच.

पुण्याचा प्रश्न

तरीही माकडाकडे सगळी उत्तरे नाहीत. आपल्याकडे लठ्ठ न दिसणाऱ्या माणसांनाही मधुमेह होतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. उंची-वजनावरून काढलेला दोघांचा निर्देशांक (बी.एम.आय.) एकच, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के!

याचे मूळ जन्माआधीच असावे, असे याज्ञिक यांच्या गटाचे मत आहे. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याच्या बाळांत स्नायू बरेच कमी होते. पाठीवरच्या त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती.

पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी राहण्याचा हा परिणाम असेल का? हे पाहायला उंदीरच हवा. ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर अन्न देऊनही त्यांच्यातील दोष भरून निघाले नाहीत. माकडाची एक पिढी चार वर्षांची धरली, तरी याच प्रयोगाला दोनशे वर्षे लागतील.

तेव्हा कोणता प्राणी चांगला, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या प्रश्नासाठी कोणता प्राणी, असे आपण विचारायला हवे. आणि माकड आपल्या इतके जवळचे म्हणूनच त्याच्या वेदनेचा विचार आधी करायला हवा. भारताने १९७८ साली ऱ्हीसस माकडांची निर्यात बंद केली. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी आज आपल्याकडे समितीची परवानगी लागते. जे माणसाकडून किंवा उंदराकडून कळू शकते, त्यासाठी माकड पिंजऱ्यात घालू नये, असे आम्हाला वाटते.

वर्गात बी.एम.आय. शिकवताना शिक्षकांनी कमरेचा घेरही सांगावा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. विद्यार्थ्यांनी घरातील मोठ्या माणसांची कंबर टेपने मोजून पाहावी. आणि येऊरला सहल गेली, तर खाऊचा डबा माकडांपुढे उघडू नये.