कासवाचे पोट, कासवाची त्वचा आणि आपले कर्तव्य

आपल्याकडील अनेक शिवमंदिरांत गाभाऱ्याच्या अलीकडे दगडी कासव असते आणि दर्शनार्थी त्याला हात लावूनच पुढे जातात. कासवी केवळ आपल्या दृष्टीने पिलांचे पोषण करते, ही कल्पना तर संतवाङ्मयातून घरोघरी पोहोचली आहे. या ममत्वापोटीच कासव घरात असावे, ते शुभ असते, असे अनेकांना वाटते. तथापि देवळातील कासवाला ऊन, ऊब आणि चारा लागत नाही. घरातील कासवाला लागतो. हा भेद ध्यानी न आल्यामुळे जी कासवे आजारी होऊन आपल्या रुग्णालयात येतात, त्यांपैकी बहुतेकांच्या तक्रारी पोटाच्या किंवा त्वचेच्या असतात. या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच असते, ही गोष्ट देणगीदार व प्राणिपालक यांच्यासमोर मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. पुढील वैद्यकीय माहिती आपल्या पशुवैद्यकांनी वेळोवेळी समजावून दिलेली आहे; समजण्यास मला जो विलंब लागला त्याची कबुलीही ओघाने येईलच.

बादलीतील कासव

अहवाल वर्षातील पावसाळ्यात एक आजी आपल्या नातवाला घेऊन आल्या. नातवाच्या हातात प्लॅस्टिकची बादली, बादलीत चार बोटे पाणी, तळाशी शोभेचे रंगीत खडे आणि त्यांवर एक कासव. पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेले हे कासव म्हणजे ज्याला सर्वजण ‘स्टार कासव’ म्हणतात ते. ते मुळात कोरड्या, गवताळ आणि झुडपी प्रदेशात राहणारे, पूर्णतः जमिनीवरचे प्राणी आहे. मराठीत जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या अशा दोन्ही प्राण्यांना आपण ‘कासव’ हा एकच शब्द वापरतो. त्यामुळे कासव म्हणजे पाण्यातला जीव, हा समज पक्का झालेला आहे. आजींनीही मायेनेच ते नऊ वर्षे पाण्यात ठेवले होते. खाण्यास दूध-पोळी, केळे आणि काकडी. प्रथम शौचास पातळ होत होते, नंतर बारा दिवस काहीच झाले नाही, म्हणून कोणाच्या सल्ल्याने एरंडेल पाजले गेले. पोटाकडील कवच बोटाने दाबले असता दबत होते आणि त्याला दुर्गंधी येत होती.

क्ष-किरण छायाचित्रात आतड्यात खडे दिसले आणि हाडे इतकी फिकट दिसली की डॉक्टर क्षणभर काही बोलले नाहीत. आजी म्हणाल्या, “डॉक्टर, आम्ही त्याला काही कमी केलं नाही हो.” ते खरेच होते. कमी पडली ती माहिती.

पचन उष्णतेवर चालते

कासवाचे शरीर स्वतःची उष्णता निर्माण करून टिकवू शकत नाही. ती बाहेरून मिळवावी लागते. गवत-पाल्याचे पचन त्याच्या मोठ्या आतड्यातील सूक्ष्म जीव करतात आणि तेही पुरेशी ऊब असेल तरच. स्टार कासवाला दिवसा राहण्याच्या जागेत एका बाजूस साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसची उबदार जागा आणि दुसऱ्या बाजूस सावली लागते. थंड फरशीवर अन्न पोटात तसेच पडून राहते, आंबते, वायू धरतो आणि भूक जाते. अशा कासवाला बळजबरीने भरवणे धोक्याचे असते. म्हणून आमचे डॉक्टर प्रथम ऊब देतात, नंतर शरीरातील पाण्याची तूट भरून काढतात आणि अन्नाचा विचार शेवटी करतात.

आहाराचे सूत्र सोपे आहे: तंतू भरपूर, साखर व प्रथिने अल्प आणि कॅल्शियमचे प्रमाण फॉस्फरसच्या किमान दुप्पट. हरळी, तुतीची पाने, जास्वंदाची पाने व फुले, शेवग्याचा पाला, काटे काढलेला निवडुंग हे उत्तम. दूध, पोळी, भात, मांसाचे तुकडे, मांजराचे खाद्य पूर्णतः वर्ज्य. गोड फळांनी आतड्यात आंबण्याची क्रिया वाढून जुलाब होतात. पालक आपल्याला पौष्टिक खरा, परंतु त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते. तो रोज देऊ नये.

बद्धकोष्ठावर घरी करण्याजोगा एकच निर्धोक उपाय आहे: कोमट पाण्याचे उथळ स्नान. पाणी हनुवटीच्या खाली राहील एवढेच घ्यावे आणि पंधरा-वीस मिनिटे कासवाजवळ बसून राहावे. कासव त्यात पाणी पिते आणि बहुधा शौचासही करते. विष्ठेबरोबर पांढरा, खडूच्या लगद्यासारखा पदार्थ पडतो, तो विकार नव्हे. मात्र तो रेतीसारखा कडक झाला असेल तर शरीरात पाणी कमी पडले आहे असे समजावे. एरंडेल अथवा माणसाचे रेचक कधीही देऊ नये. तेल श्वासनलिकेत गेल्यास फुफ्फुसाचा दाह होतो.

येथे एक इशारा ठळकपणे देणे आवश्यक वाटते. कुत्र्या-गुरांना जंतांवर व गोचिडांवर सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन हे औषध कासवांना प्राणघातक ठरते. कासवांच्या आतड्यांत थोडे जंत असणे स्वाभाविक आहे. विष्ठेच्या तपासणीशिवाय कोणतेही जंतनाशक देऊ नये.

कवच हीसुद्धा त्वचाच

कवच म्हणजे कासवाने पांघरलेली पेटी, असा मीही समज करून घेतला होता. वस्तुतः कवच हे पाठीचा कणा व बरगड्या यांसह जोडले गेलेले जिवंत हाड असून त्यावर आपल्या नखासारख्या पदार्थाचे खवले असतात. त्याला रक्तपुरवठा असतो, वेदना असते. त्यामुळे आहारात कॅल्शियम कमी पडले किंवा अंगाला ऊन लागले नाही, की हाडांतील कॅल्शियम काढले जाते आणि कवच मऊ पडते. पोटाचा विकार त्वचेवर दिसतो तो असा.

सतत ओल आणि अस्वच्छता असेल तर जिवाणू व बुरशी खवल्यांखाली शिरून कवच कुजते. खड्डे, पांढरे वा लालसर डाग आणि दुर्गंधी ही त्याची लक्षणे. उपचारात कुजलेला भाग खरवडून काढावा लागतो, सौम्य जंतुनाशकाने जखम धुवावी लागते आणि प्राणी कोरड्या जागी ठेवावा लागतो. कवचावर खोबरेल तेल, हळदीचा लेप, रंग किंवा नेलपॉलिश लावल्याने कुजण्याची क्रिया झाकली जाते, थांबत नाही.

पाठीवर टेंगळे येणे केवळ अति आहाराने होते असे पूर्वी मानत. व्हिएन्ना येथील संशोधकांनी २००३ साली आफ्रिकी स्पर्ड कासवांच्या पिलांवरील अभ्यासात दाखवले की, हवेतील अति कोरडेपणा हे त्याचे प्रमुख कारण आहे. कोरड्या प्रदेशातील कासवाच्या पिलालाही दडून बसण्यासाठी दमट कोपरा हवा. मात्र दमट म्हणजे पाण्यात बुडवून ठेवलेले नव्हे. स्टार कासवाच्या पाठीवर थोडे उंचवटे निसर्गतःच असतात, हेही ध्यानात ठेवावे.

मान व पायांवरून त्वचेचे लहान पापुद्रे सुटणे सामान्य आहे. परंतु त्वचा मोठ्या प्रमाणात सोलून लाल मांस दिसू लागले तर अलीकडे ‘अ’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले होते काय, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. पाला खाणाऱ्या कासवात त्याची कमतरता विरळ असते, आणि इंजेक्शनाची मात्रा जास्त झाल्यास त्वचा अशीच सोलवटून निघते.

एका दिव्याचा घसारा

सन्माननीय विश्वस्तांपैकी काहींनी विचारले होते की, कासवांच्या कक्षातील दिवे चालू असतानाच का बदलले जातात? हाच प्रश्न मी त्यांच्या आधी विचारला होता आणि त्या आक्षेपावर बिल तीन आठवडे रोखून धरले होते. कासवाला ‘ड ३’ जीवनसत्त्व तयार करण्यासाठी सूर्यप्रकाशातील विशिष्ट अतिनील किरणे लागतात. खिडकीच्या काचेतून ती आत येत नाहीत. दिव्यातून ती मिळतात, पण दिव्याचा उजेड डोळ्यांना पूर्वीसारखाच दिसत असताना ही किरणे कमी होत जातात. म्हणून नेहमीचे दिवे उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे, बहुधा सहा ते बारा महिन्यांत, बदलावे लागतात. डॉक्टरांनी मोजमापाचे यंत्र आणून दाखवले तेव्हा उजेड भरपूर होता आणि काटा जवळजवळ शून्यावर. घसारा हा विषय मी आयुष्यभर हाताळला, परंतु पुस्तकी मूल्य शून्य झालेली मालमत्ता डोळ्यांसमोर लखलखताना प्रथमच पाहिली. ज्या तीन आठवड्यांत मी बिल अडवले, त्या काळात आजींचे कासव त्याच दिव्याखाली होते. आता या खर्चास स्वतंत्र शीर्ष दिले असून त्यावर तारखेनुसार अंमल होतो.

उपचार लांबतात याचेही कारण आहे. कासवाचे शरीर संथ चालते. काही प्रतिजैविके त्याला दर ४८ किंवा ७२ तासांनी एकदाच द्यावी लागतात. कवचाची जखम भरण्यास महिने लागतात. कुत्र्याच्या खाटेचा हिशेब दिवसांत होतो, कासवाच्या कोपऱ्याचा ऋतूंत.

कायदा आणि करुणा

आजींचे कासव अकराव्या दिवशी खडे बाहेर टाकून मोकळे झाले. त्याआधी, पहिल्याच दिवशी, मला त्यांच्याशी एक अप्रिय गोष्ट बोलावी लागली होती. स्टार कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून त्याचा समावेश पहिल्या अनुसूचीत आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१९ पासून कडक बंदी आहे. ते घरी पाळता येत नाही. आजी घाबरल्या, नातू बादली उचलून निघालाच होता.

ते निघून गेले असते तर कासव वाचले नसते, आणि आम्ही गप्प राहिलो असतो तर कायदा मोडला असता. विश्वस्त मंडळाने यावर ठरविलेले धोरण असे: उपचार ताबडतोब सुरू करावयाचे, वन विभागास त्याच दिवशी लेखी कळवावयाचे, आणि पालकांना हे दोन्ही प्रथमच स्पष्ट सांगावयाचे. आम्ही तसे केले. आजींनी स्वतः अर्ज लिहून दिला. बरे वाटू लागल्यावर कासव वन विभागाच्या स्वाधीन केले. त्याचे कवच आता टणक आहे, परंतु वेडेवाकडे झालेले हाड सरळ होणार नाही. त्याला रानात सोडावे की नाही, हा निर्णय तज्ज्ञांचा आहे. पालकांनी मात्र कोणतेही कासव परस्पर नदीत वा रानात सोडू नये. बाजारात मिळणारे लाल कानाचे कासव मूळचे अमेरिकेचे असून आपल्या पाणवठ्यांतील देशी कासवांना ते उपद्रवी ठरते.

पालकांस विनंती

१. कासवाने खाणे सोडले, डोळे सुजले, नाकातोंडातून फेस आला, कवच मऊ झाले किंवा शेपटीखालून मांसल भाग बाहेर आला, तर त्याच दिवशी आणावे.
२. आणताना ताजी विष्ठा आणि राहण्याच्या जागेचे छायाचित्र बरोबर आणावे.
३. आठवड्यातून एकदा वजन करून वहीत लिहावे. कासव आजार लपवते, वजन लपवत नाही.
४. काचेची पेटी उन्हात ठेवू नये. आतील उष्णतेने प्राणी काही मिनिटांत दगावतो.
५. हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत. निरोगी कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस बंदी आहे. लहान मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांनी विशेष जपावे.
६. संरक्षित जातीचे कासव आढळल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

आजी अजूनही महिन्यातून एकदा येतात. कासव येथे नाही हे त्यांना ठाऊक आहे. अंगणातील जास्वंदाची पाने पिशवीत घालून आणतात आणि कक्षात दुसरे जे कोणी असेल त्यासाठी ठेवून जातात. आमच्या देणगीच्या पावतीपुस्तकात त्या पाल्याची नोंद होऊ शकत नाही, म्हणून ती येथे आदरपूर्वक करीत आहे. 

— व्यवस्थापक