इगर्जीच्या वहीतील पूर्वज

आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तान्त आम्ही प्रथम हाती घेतला तेव्हा त्यात अकरा पिढ्यांचे पुरुष होते आणि स्त्री एकही नव्हती. आजी, पणजी, खापरपणजी कोणत्या गावच्या, कोणाच्या लेकी, याचा पत्ता नाही. ही उणीव आम्हांला जाणवली ती पुष्कळ वर्षांनी, आणि तीही सासष्टीतील एका इगर्जीच्या वहीपुढे बसल्यावर.

प्रसंग असा झाला. आमचे एक ख्रिस्ती सहकारी, निवृत्त शिक्षक, यांच्या पुतण्यास पोर्तुगालच्या नागरिकत्वासाठी आजोबांच्या जन्माचा पुरावा हवा होता. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना तो मार्ग खुला असल्याने असे अर्जदार आज गोव्यात गावोगाव भेटतात. नागरी नोंदणी सुरू होण्यापूर्वीच्या जन्मांना बाप्तिस्म्याची नोंद हाच आधार. पुतण्याचे काम दोन दिवसांत उरकले. काकांचे मात्र तेथून सुरू झाले. त्यांचे वडील म्हणत, ‘आम्ही मूळचे प्रभू.’ ते खरे की घरातली आख्यायिका, एवढे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्यांनी आम्हांस सोबतीला घेतले. मोडी वाचणाऱ्यास कोणतेही जुने अक्षर लागते, असा त्यांचा गोड गैरसमज!

या वह्यांचे मूळ युरोपात आहे. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली प्रत्येक पाद्र्याने विवाहांची वही ठेवावी असे फर्माविले. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे नाव टिपण्याचा दंडकही तिचाच. पुढे १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यूची वहीही आवश्यक केली. सासष्टी आणि बार्देश १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले होते. म्हणजे धर्मांतराची लाट आणि नोंदवहीची शिस्त गोव्यात जवळजवळ हातांत हात घालून आली.

नोंद असते चार-सहा ओळींची: तारीख, बालकाचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव, वाडा, धर्मपिता व धर्ममाता, शेवटी पाद्र्याची सही. पोर्तुगीज फारसे न येताही साचा लवकर ध्यानात येतो. छळतात ती संक्षिप्त रूपे. ‘रॉड्रिग्ज’ हे आडनाव ‘रोइझ’ एवढ्यावर आटोपते, ‘फर्नांडिस’ची तर तीनच अक्षरे उरतात. शाईतील लोहाने कागद जाळलेला, कडा वाळवीने नेलेल्या. त्यातून थोरल्या मुलास आजोबांचे नाव देण्याची चाल, आणि मूल दगावले तर तेच नाव पुढच्या मुलास. एकाच वाड्यावर एकाच नावाचे दोन बाप आढळले की आम्ही धर्ममातेकडे वळत असू. ती बहुधा मावशी किंवा आत्या निघे आणि घर ओळखू येई. एका विवाहाची नोंद सापडेना म्हणून आम्ही आठवडाभर पाने उलटली. मग तेथील वृद्ध सेवकाने सांगितले, ‘मास्तर, लग्न बायलेच्या गावांत जाता!’ लग्न वधूच्या इगर्जीत लागत असल्याने ती वही तिच्या माहेरी.

आडनावावर भिस्त ठेवणे सर्वांत घातक. धर्मांतरितास बहुधा धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे आडनाव मिळे. सख्ख्या भावांची आडनावे दोन होत आणि ज्यांचा रक्ताचा संबंध नाही अशा शेकडो घरांचे एकच. ‘प्रभू’ शोधावयास निघालेल्या आमच्या मित्रास वहीत तो शब्द एकदाही भेटला नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत आम्ही पोहोचलो. त्यामागची वही चाळणीसारखी झालेली होती.

ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आम्ही म्हटले, इगर्जीने नाव दिले, पण गावकरीने वांगड काढून घेतले नाही; तिकडे पाहू. ग्रामसंस्थेचा वाटा, म्हणजे जोण, पुरुषवंशाने वांगडाप्रमाणे चालत आला आणि धर्म बदलल्याने तो तुटला नाही. कुंकळ्ळीचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. तेथे जुलै १५८३ मध्ये पाच जेझुइट मारले गेले, पुढे गावच्या नायकांस असोळण्याच्या किल्ल्यावर कपटाने ठार करण्यात आले, आणि देवी शांतादुर्गा फातर्प्यास गेली. तरी फाल्गुनात देवी जुन्या स्थानी येते तेव्हा बारा वांगडांच्या बारा छत्र्या निघतात आणि त्या वांगडांतील ख्रिस्ती गावकारही त्या उत्सवात सहभागी होतात.

मित्राच्या गावच्या गावकरीच्या कागदांत त्यांच्या पणजोबांचे नाव निघाले. पुढे वांगडाचा क्रमांक. त्याच वांगडाची हिंदू घरे फोंड्याकडे आहेत, हे आम्हांला तेथेच कळले. ती प्रभू होत की अन्य कोणी, याचा निर्णय त्या कागदाने दिला नाही. मित्राने क्रमांक दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘हो तरी आमचो.’

आता त्यांच्या वहीत वंशावळ आहे. सर्वांत वर नावाची जागा कोरी, खाली वांगड, आणि त्याखाली सहा पिढ्या. प्रत्येक पुरुषाच्या नावाशेजारी त्याच्या आईचे नाव आहे. एका पणजीचे माहेर लागायचे आहे. त्यासाठी येत्या मे महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी, बार्देशातल्या तिच्या गावी जायचे ठरले आहे. आमच्या घरच्या कुलवृत्तान्ताच्या समासात आम्हीही पेन्सिलीने तीन नावे लिहिली आहेत. चौथे आमच्या आत्यास आठवेना. ती म्हणते, धाकटीला विचार.