काळ्या सापावरची वाट

ज्या घरात चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आणि मोबाईल या दोन्ही गोष्टी आहेत, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी हे दृश्य एकदा तरी पाहिले असेल. डोंगरावरील दाट रानातून एक सायकलस्वार दगडधोंडे आणि झाडांची मुळे तुडवीत खाली झेपावत येतो, हवेत उडतो, पुन्हा जमिनीवर टेकतो आणि झाडांच्या मधून नाहीसा होतो. "हा वेडेपणा कशासाठी?" असा उद्गार पाहणाऱ्याच्या तोंडून सहज निघतो. प्रस्तुत लेखकाच्याही तोंडून तो निघाला होता. पुढे या खेळाशी थोडा परिचय झाला, तेव्हा ध्यानात आले की या वेडेपणाच्या आधी अत्यंत शांत आणि हिशेबी असा अभ्यास झालेला असतो. त्याहून नवलाची गोष्ट ही, की त्या अभ्यासाचा आरंभ सायकलीवर बसून नव्हे, तर पायी चालून होतो.

या खेळाला 'डाउनहिल' म्हणतात. डोंगरावरून आखलेल्या मार्गाने स्पर्धक एकेकटे सोडले जातात. शर्यत असते ती घड्याळाशी. वेळ मोजली जाते ती सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत, आणि ही बारकाई उगाच नाही. २००९ साली ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ब्रिटनचा स्टीव्ह पीट विजयी झाला, तो दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेग मिनारला अवघ्या ०.०५ सेकंदाने मागे टाकून. त्यापूर्वी पीटला चार वेळा रौप्यपदकावर समाधान मानावे लागले होते. एवढ्याशा अंतराने आयुष्यभराची आस पुरी होते किंवा अपुरी राहते. मग हे अंतर कुठून येते, हा प्रश्न साहजिकच पडतो. पायांतील बळाचा वाटा त्यात असतोच. पण मोठा वाटा असतो तो वाटेच्या निवडीचा.

उदाहरणादाखल एकच मार्ग घेऊ. उत्तर इटलीतील त्रेंतिनो प्रांतात 'वाल दी सोले' नावाचे खोरे आहे. नोचे नदी त्यातून वाहते, आणि या परिसरातील सफरचंदांचा व्यापार मोठा आहे. हिवाळ्यात येथे बर्फावरचे खेळ चालतात. याच खोऱ्यातील कोमेझादुरा गावच्या हद्दीत, दाओलासा या ठिकाणी, डोंगरउतारावरील रानातून डाउनहिलचा एक मार्ग खाली येतो. त्याचे नाव 'ब्लॅक स्नेक', म्हणजे काळा साप. लांबी दोन किलोमीटरांहून किंचित अधिक, आणि तेवढ्या अंतरात पाचशे मीटरांहून अधिक उतरण. उत्तम स्पर्धक तो साडेतीन मिनिटांच्या आसपास उतरतात. २००८, २०१६ आणि २०२१ अशी तीन वेळा येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. जगातील अत्यंत खडतर मार्गांत त्याची गणना होते. मोबाईलच्या पडद्यावर तो तितका भयंकर वाटत नाही, याचे कारण कॅमेऱ्याला उतार कळत नाही; चित्रात प्रत्येक कडा निम्मा सपाट होऊन जातो.

शर्यतीच्या आठवड्यात सराव सुरू होण्याआधी एक दिवस मार्ग पाहण्यासाठी राखलेला असतो. त्या दिवशी सायकल न्यायची नाही. स्पर्धक पाळण्याने वर जातात आणि आपला प्रशिक्षक, सायकलीचा कारागीर व सोबती यांच्यासह पायी उतरू लागतात. साडेतीन मिनिटांचा हा मार्ग चालायला दोन-तीन तास लागतात. कारण दर दहा पावलांवर थांबणे, वाकून मातीत बोटे घालून पाहणे, बुटाने दगड हलवून पाहणे हे चालूच असते. माल उचलण्याआधी तो हातात घेऊन पाहणाऱ्या माणसाला या रीतीचे नवल वाटणार नाही. जाणता स्पर्धक थोडे खाली उतरला की मागे वळून वर पाहतो. वरून पाहताना डोळ्यांत फक्त अडथळे भरतात. खालून वर पाहिले की त्या अडथळ्यांमधून जाणारी मोकळी रेघ दिसू लागते.

या रेघेला ते 'लाइन' म्हणतात. आपण तिला वाट म्हणू. मार्गाच्या दोन्ही बाजूंना फीत बांधलेली असते. दोन फितींच्या मधली सारी जमीन स्पर्धकाची. तिच्यातून कोठूनही जावे. फितीबाहेर गेल्यास मात्र जेथून बाहेर पडला तेथूनच परत आत यावे लागते, नाहीतर धाव बाद. फितींमधले अंतर काही ठिकाणी पाच-सहा पावलांचे असते, आणि तेवढ्या रुंदीत चार निराळ्या वाटा असू शकतात.

सर्वांत सोपे उदाहरण वळणाचे. आतल्या कडेने गेले तर अंतर कमी पडते. पण वळण आवळून घ्यावे लागते, वेग फार कमी करावा लागतो आणि वळणातून बाहेर पडताना सायकल जवळजवळ उभी राहते. बाहेरच्या कडेने गेले तर अंतर वाढते, परंतु वेग टिकतो. कोणती वाट चांगली, हे त्या वळणाकडे पाहून ठरत नाही. पुढे काय आहे, यावर ठरते. पुढे लांब सरळ उतार असेल तर वळणातून वेगाने बाहेर पडणाऱ्याला त्या वेगाचा लाभ अखेरपर्यंत मिळत राहतो. पुढे लगेच दुसरे, उलट बाजूचे वळण असेल तर पहिल्या वळणातील लाभ सोडून दुसऱ्यासाठी जागा घेणे शहाणपणाचे. नवशिका प्रत्येक वळण वेगळे जिंकू पाहतो आणि तीन वळणांनंतर मागे पडलेला आढळतो.

मुळांचे गणित निराळे. ओल्या मुळावर चाक तिरके पडले की ते मुळाच्या कडेने घसरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून मुळे शक्यतो काटकोनात ओलांडायची, किंवा त्यांच्या आधीच्या एखाद्या उंचवट्यावरून उडी घेऊन ती टाळायची. कुठे जमीन वाटेच्या आडवी, दरीकडे कललेली असते. तेथे सायकल आपोआप खाली सरकत जाते; तेव्हा शिरतानाच हवी त्याहून दोन हात वरची वाट धरावी लागते. आरंभी वर राहिलेल्याला खाली येणे नेहमीच शक्य असते. खाली घसरलेल्याला पुन्हा वर चढता येत नाही.

पण काळ्या सापावर या सर्वांहून महत्त्वाचा प्रश्न असतो तो ब्रेकचा. चाक जमिनीला घट्ट टेकलेले असेल तेव्हाच ब्रेकचा उपयोग. ज्या उतारावर सायकल सतत दगडांवरून उसळत असते, तेथे ब्रेक दाबूनही ती थांबत नाही. उलट चाक अडते आणि तोल जातो. त्यामुळे पायी उतरताना स्पर्धक खरोखर शोधत असतो ती चार-पाच हातांची घट्ट, स्वच्छ जमीन, जिथे वेग आवरता येईल. अशा जागा थोड्या आहेत. त्या आधी निश्चित करायच्या आणि मग त्यांना जोडणारी वाट आखायची. वेग कोठे वाढवायचा, हे या मार्गावर सांगावे लागत नाही. ते काम डोंगर करतो.

एवढे करून आखलेली वाट टिकेल याचीही शाश्वती नाही. सराव सुरू झाला की दिवसाला शेकडो फेऱ्या होतात. कोरड्या हवेत येथील मातीची पिठासारखी धूळ होते आणि धुळीखाली दगड दिसेनासे होतात. वळणांच्या तोंडाशी ब्रेकमुळे खड्डे पडतात, आणि काल सर्वोत्तम असलेली वाट आज सर्वांत वाईट ठरते. मग कोणी फितीच्या अगदी कडेने, जेथे गवत अजून शाबूत आहे अशा जागेतून नवी वाट काढतो. अशी वाट सापडली की ती शर्यतीपर्यंत लपवून ठेवण्याकडेही काहींचा कल असतो. प्रतिस्पर्धी किंवा कॅमेरे पाहत असताना ते जुन्याच वाटेने जातात. माल कोठून स्वस्त मिळतो, हे शेजारच्या दुकानदाराला न सांगण्यातलाच हा प्रकार.

धाडस आणि हिशेब यांतील ताण किती तीव्र असू शकतो, हे २००८ च्या स्पर्धेत दिसले. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल तेव्हा मागील दोन वर्षांचा जगज्जेता होता. सपाट, निसरड्या वळणांवर आतला पाय मोकळा सोडून अविश्वसनीय वेगाने सायकल वळवणे ही त्याची ख्याती. त्या दिवशी तो वरून असा उतरत आला की मधल्या वेळनोंदीतच त्याची आघाडी सेकंदांनी मोजावी लागत होती. अंतिम रेषा जवळ आली, आणि शेवटाकडच्या एका साध्या, सपाट वळणावर त्याचे चाक सुटले. तो पडला, उठला, सायकल सावरून पुढे गेला आणि तिसरा आला. सुवर्णपदक ब्रिटनच्या जी ॲथर्टनला मिळाले, पीट दुसरा. ते वळण भयंकर नव्हते. मुळांच्या आणि खडकांच्या जंगलातून सुखरूप आलेला माणूस मोकळ्या मातीवर घसरला. ती आघाडी असताना त्याने वेग थोडा आवरायला हवा होता, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. धावत असताना स्पर्धकाशी कोणीही बोलू शकत नाही. आपण किती पुढे आहोत हे त्याला नेमके कळत नाही. शिवाय ज्या रीतीने तो वर जिंकत आला, तीच रीत त्याने खालीही ठेवली. ती धाव हरलेली असूनही या खेळाचे रसिक आजही तिचे नाव आदराने घेतात.

त्याच डोंगरावर तेरा वर्षांनी, २०२१ मध्ये, ग्रेग मिनारने जगज्जेतेपद मिळवले. वय ३९. त्याचे पहिले विश्वविजेतेपद २००३ चे, म्हणजे त्या दिवशी त्याच्याबरोबर उतरलेल्या कित्येकांच्या बालपणातले. फ्रान्सच्या बेनुआ कुलांजला त्याने अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतराने मागे टाकले. या वयात शरीर तरुणांइतके चपळ राहत नाही आणि पडण्याची किंमत अधिक मोजावी लागते. मग हा अर्धा सेकंद त्याने कोठे मिळवला? माझ्या मते, वीस वर्षे डोंगर पायी उतरून कमावलेल्या नजरेचा त्यात मोठा हिस्सा असला पाहिजे.

पडण्याची ही किंमत खरी आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. पूर्ण चेहरा झाकणारे शिरस्त्राण, गुडघ्यांचे व पाठीचे संरक्षक पट्टे, झाडांना बांधलेल्या गाद्या, लाल निशाण दाखवून पुढच्याला थांबवणारे स्वयंसेवक, हे सारे असूनही हाडे मोडतात. आपला मुलगा गावाबाहेरच्या टेकडीवर सायकल नेण्याचा हट्ट धरून बसला तर सरसकट नकार देण्यापेक्षा एक अट घालून पाहावी: चांगले शिरस्त्राण आधी, आणि पहिल्या दिवशी सायकल पायथ्याशी ठेवून बापलेकांनी टेकडी पायी उतरायची. टेकडी कितपत झेपेल, हे त्या चालण्यातच दोघांना कळेल.

अंतिम फेरीत पात्रता फेरीतील सर्वांत वेगवान स्पर्धक सर्वांत शेवटी सुटतो. हा मान असतो, पण त्यात एक पेचही असतो. त्याच्या आधी सगळे उतरून गेलेले असतात आणि मार्ग उखणलेला असतो. संघातील माणसे ठरावीक वळणांवर उभी राहून आधीच्या स्पर्धकांचे काय झाले ते पाहतात आणि वर निरोप पाठवतात: अमुक वळणाची आतली वाट गेली, बाहेरून ये. हा निरोप सुटण्याच्या काही मिनिटे आधी येतो. आठवडाभर मनात घोकलेली वाट आता बदलायची की तीच ठेवायची? त्या वेळी अनेक स्पर्धक डोळे मिटून उभे असलेले दिसतात. हात अदृश्य हँडल धरल्यासारखे हलत असतात, खांदे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकतात. मुलाच्या मोबाईलवर पुन्हा कधी अशी शर्यत लागली तर मोठ्या उड्यांच्या आधीचा हा भाग पुढे सरकवू देऊ नका.