संगणकातील टपालाचे पुनरागमन

१ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नईत अतिवृष्टी झाली, अड्यार नदी काठ सोडून वाहू लागली आणि सखल वस्त्यांतील तळमजले पाण्याखाली गेले. कामगारांना मुद्रणालय गाठता न आल्यामुळे १८७८ साली स्थापन झालेल्या ‘द हिंदू’चा दुसऱ्या दिवशीचा अंक चेन्नईत निघू शकला नाही. अशा आपत्तीत भिजलेला संगणक दुरुस्त होतो किंवा नवा आणता येतो. त्यातील वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार मात्र बाजारात विकत मिळत नाही. महापूर नित्याचा नसला, तरी बिघडलेला संगणक रीसेट करण्याची वेळ कोणावरही येते, आणि तेव्हाही प्रश्न हाच असतो : जुनी पत्रे परत कशी आणावयाची?

याचे उत्तर पत्रे कोठे राहतात यावर अवलंबून आहे. ‘पॉप’ पद्धतीत ती सर्व्हरवरून संगणकात उतरतात आणि पुष्कळदा सर्व्हरवर त्यांची प्रत उरत नाही. डाकघरातून पत्र घरी आणावे, तसाच हा प्रकार. ‘आयमॅप’ पद्धतीत मूळ पत्र सर्व्हरवरच असते व संगणकात त्याची प्रत दिसते. साहजिकच येथे खाते पुन्हा जोडले की पत्रे आपोआप परततात. परंतु संगणकावर पुसलेले पत्र सर्व्हरवरूनही जाते. म्हणून केवळ या सोयीवर विसंबणे योग्य नव्हे.

आउटलुकमधील पत्रांची राखून ठेवलेली प्रत बहुधा ‘पीएसटी’ फाइलच्या रूपात असते. रीसेटनंतर प्रथम आउटलुक बसवून खाते जोडावे, ती फाइल बाहेरच्या डिस्कवरून संगणकात उतरवून घ्यावी आणि मगच आउटलुकमधून उघडावी. ‘ओएसटी’ नावाची फाइल दिसावयास तशीच. पण ती सर्व्हरवरील टपालाची तात्पुरती नक्कल असल्याने तिच्या आधारावर राहू नये. थंडरबर्डची पत्रे त्याच्या ‘प्रोफाइल’ फोल्डरमध्ये असतात. विंडोजमध्ये हा फोल्डर सहसा दृष्टीआड असतो, आणि ‘डॉक्युमेंट्स’ तेवढे उतरवून निश्चिंत झालेल्यांची फसगत येथेच होते. थंडरबर्ड बंद करून तो संपूर्ण फोल्डर बाहेर घ्यावा आणि पुढे तसाच परत ठेवावा. रीसेट करताना ‘माझ्या फाइली ठेवा’ हा पर्याय निवडला, तरी वेगळे बसविलेले प्रोग्राम निघून जातात, हेही ध्यानात असावे.

प्रत संगणकाशेजारच्या कपाटातच ठेवली, तर घरात शिरणारे पाणी दोघांनाही एकदमच गाठते. म्हणून एक प्रत दुसऱ्या वास्तूत असावी. शिवाय रीसेट करण्यापूर्वीच ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून दोन-चार जुनी पत्रे वाचून पाहावीत. जी प्रत कधी उघडून पाहिलेली नाही, तिच्यावरचा विश्वास हा केवळ अंदाज असतो.