धोबी तलाव : मुंबईच्या जॅझचं बिऱ्हाड

कर्जत किंवा खोपोलीहून सुटलेली लोकल दोन-अडीच तासांत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. आपल्याकडची कितीतरी माणसं रोज हा प्रवास करतात आणि स्टेशनाबाहेर पडली की फोर्टच्या नाहीतर मंत्रालयाच्या दिशेने पांगतात. त्या गर्दीतून बाजूला होऊन महापालिकेच्या इमारतीवरून सरळ चालत राहिलं, तर डाव्या हाताला आझाद मैदान येतं, उजव्या हाताला कामा रुग्णालय आणि सेंट झेवियर्स महाविद्यालय. त्यापुढे मेट्रो सिनेमाचा चौक. हाच धोबी तलाव.

या चौकाला रायगडच्या माणसाचं नाव आहे. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके. इंग्रजी सत्तेविरुद्ध सशस्त्र बंड उभारणारे आणि 1883 मध्ये एडनच्या तुरुंगात देह ठेवणारे आद्य क्रांतिकारक. त्यामुळे आपल्या जिल्ह्याच्या माणसाला हा चौक परका नाही. पण त्याची दुसरी ओळख फार थोड्यांना ठाऊक असते. विसाव्या शतकातली कित्येक दशकं मुंबईतलं जॅझ वाजवणारी कितीतरी माणसं याच चौकाच्या आसपास राहत होती. जॅझ ऐकू यायचं ते ताजमहाल हॉटेलात आणि चर्चगेटच्या रेस्टॉरंटांत. जगायचं मात्र ते इथे, धोबी तलावच्या दाटीवाटीत.

धोबी ज्यात कपडे धूत तो तलाव कधीचाच बुजवला गेला. फ्रामजी कावसजी या पारशी दानशूराने त्याची दुरुस्ती करवली होती, त्यांच्या नावाचं सभागृह अजून आहे. सोनापूरचं चर्च आहे, इराण्यांची हॉटेलं आहेत, 1904 पासून चालत आलेलं कयानी आहे. 1865 पासून वाद्यं आणि स्वरलिपीची पुस्तकं विकणारं फुर्टाडोज आहे. आणि चौकाच्या तोंडावर जेर महाल ही जुनी इमारत आहे. मुंबईच्या जॅझची गोष्ट सांगायची तर या इमारतीच्या जिन्यापासूनच सुरुवात करायला हवी.

गावाच्या नावाची खोली

जेर महाल आणि त्याच्या आजूबाजूच्या इमारतींत गोव्यातल्या गावांच्या कुडी आहेत. कूड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेली राहण्याची जागा. दारावर पाटी असते ती ‘अमुक गावचा क्लब’ अशी. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात पोटापुरता रोजगार नव्हता, म्हणून माणसं मुंबईला येत. कोणी बोटीवर खलाशी, कोणी आचारी, कोणी शिंपी, कोणी वाजवणारा. मुंबईत घर घेणं कोणाच्याच आवाक्यात नव्हतं. मग एकेका गावाने वर्गणी काढून खोली घेतली. गावचा माणूस असणं एवढीच पात्रता, आणि भाडं नाममात्र.

कूड आतून पाहण्यासारखी असते. एक लांबट हॉल. भिंतीला लागून ओळीने मांडलेल्या लोखंडी नाहीतर लाकडी पेट्या, प्रत्येकीवर मालकाचं नाव रंगवलेलं. त्या पेटीत माणसाचा सगळा संसार. रात्री तिच्याशेजारी अंथरूण पडतं, सकाळी ते गुंडाळून ठेवायचं. समोरच्या भिंतीला वेदी, तिच्यावर गावच्या संताची मूर्ती किंवा तसबीर. संध्याकाळी ठरल्या वेळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणायची, हा नियम. गावच्या संताचं फेस्त, म्हणजे उत्सव, जसं गोव्यात, तसंच इथेही. बोटीवरून उतरलेला तारवटी पुढची बोट मिळेपर्यंत इथे थांबे, नोकरी गेलेला नवी मिळेपर्यंत. वाजवणाऱ्याचंही तेच. हॉटेलातला करार संपला तरी डोक्यावरचं छप्पर जात नसे.

या वाजवणाऱ्यांची तयारी गोव्यातच झालेली असे. चर्चला जोडलेल्या शाळेत मेस्त, म्हणजे संगीत शिकवणारे मास्तर, पोरांना लहानपणीच सोल्फेज म्हणजे स्वरलिपी वाचून गायला शिकवत. मग व्हायोलिन, मग एखादं फुंकवाद्य. चर्चमधल्या गायनासाठी, फेस्ताच्या मिरवणुकीसाठी, लग्नांसाठी वादक हवेच असत. त्यामुळे दहा-बारा वर्षांचा मुलगा समोर ठेवलेला कागद पाहून थेट वाजवू शके. मुंबईत हेच कसब कामाला आलं. मूकपटांच्या काळी पडद्याशेजारी बसून वाजवायला, हॉटेलांत साहेबांच्या नाचाला साथ करायला, कोकणी तियात्रात, म्हणजे नाटकात, गाण्यांना साथ द्यायला. कोकणी रंगभूमीचा पहिला तियात्रसुद्धा 17 एप्रिल 1892 रोजी मुंबईतच, न्यू आल्फ्रेड थिएटरात झाला होता.

कागदावर नसलेलं संगीत

जॅझ अमेरिकेत, न्यू ऑर्लिअन्स शहरात आकाराला आलं, एकोणिसावं शतक संपून विसावं सुरू होताना. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या काळ्या समाजाचं हे संगीत. जुन्या, पारंपरिक जॅझमध्ये ट्रम्पेट किंवा कॉर्नेट मूळ चाल धरतो, क्लॅरिनेट तिच्याभोवती वरून वेलबुट्टी काढत फिरतो, ट्रॉम्बोन खालून आधार देतो, आणि बँजो, पियानो, बास व ड्रम ठेका सांभाळतात. चाल एकदा मांडून झाली की प्रत्येक वादकाची पाळी येते आणि तो त्या चालीवर स्वतःचं काहीतरी, तिथल्या तिथे रचून वाजवतो. आपल्याकडे भजनात बुवा अभंगाची ओळ मांडून बाजूला होतात आणि पखवाजवाला काही आवर्तनं आपली करून घेतो, तसंच हे.

गोव्याच्या वादकांची खरी परीक्षा इथेच होती. कागदावरचं बिनचूक वाजवणं त्यांच्या हाताबोटांत होतं, पण कागदावर नसलेलं वाजवायचं कसं, हे मेस्तांनी शिकवलेलं नव्हतं. ते त्यांनी तबकड्या पुन्हा पुन्हा ऐकून, आणि मुंबईत आलेल्या काळ्या अमेरिकन कलावंतांशेजारी बसून शिकून घेतलं. 1935 मध्ये लिऑन ॲबी हे व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमध्ये आले. पाठोपाठ कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. आपल्याच देशात ज्यांना कातडीच्या रंगामुळे मागच्या दाराने आत जावं लागे, त्यांना मुंबईत मान होता. वेदरफर्ड तर इथेच रमले आणि 1945 मध्ये कोलकात्यात वारले.

वेदरफर्ड यांच्या बँडमध्ये वाजवून तयार झालेल्यांपैकी एक फ्रँक फर्नांड. कुडचड्याचे हे ट्रम्पेटवादक पुढे हिंदी चित्रपटांत संगीतकारांचे सहायक झाले, आणि 1963 मध्ये त्यांनी ‘आमचें नशीब’ हा कोकणी चित्रपट काढला. मिकी कोरिया यांच्या बँडने ताजमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ वाजवलं. आणि हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ. साऱ्या मुंबईला ते चिक चॉकलेट या नावाने ठाऊक होते. अमेरिकन ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग हा त्यांचा आदर्श. हाताशी रुमाल, तोंडाला ट्रम्पेट आणि आवाजात तीच खरखर. लोक त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत.

दारूबंदी आणि सिनेमा

स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले. 1949 मध्ये मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला. हॉटेलांतल्या नाचाच्या रात्रींवर त्याचा परिणाम झालाच, बँडमधले वादक कमी झाले. हे संगीत इथेच संपायचं, पण कागद वाचून वाजवणाऱ्या माणसांची गरज तेवढ्यात दुसऱ्याच एका धंद्याला लागली होती. हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद मोठा होत चालला होता. संगीतकार चाल गुणगुणून दाखवत, पण पन्नास वादकांनी काय वाजवायचं हे कागदावर उतरवून देणारा माणूस हवा होता. तो गोव्याचा असे. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना जो भरदार वाद्यमेळ दिला, तो आपण सगळे ऐकत आलो आहोत, त्यांचं नाव माहीत नसताना.

मराठी माणसाचं जॅझशी नातं जुळलं ते इथेच. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, आणि चिक चॉकलेट यांची जोडी जमली. 1951 च्या ‘अलबेला’मध्ये भगवानदादा पालवांच्या पावलांखाली जो झुलता ठेका आहे, त्याच्यात जॅझच्या नाचघरांचा वारा आहे. त्या चित्रपटात चिक आणि त्यांचे साथीदार पडद्यावरही दिसतात. आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत हात कोपरात दुमडून, खांदे हलवत जी माणसं नाचतात, त्यांनी जॅझ हा शब्द ऐकलेला नसेल. पण भगवानदादांच्या त्या पावलांमागे धोबी तलावचे ट्रम्पेट आहेत. हे ऋण मराठी माणसाने कधी मोकळेपणाने मानलेलं नाही, ते मानायला हवं.

अँथनी गोन्सालविस यांचंही तसंच. माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक. संगीतकार प्यारेलाल यांनी त्यांच्याकडे व्हायोलिनचे धडे घेतले आणि 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात नायकाला गुरुजींचं नाव देऊन टाकलं. गाणं सगळ्यांच्या ओठांवर बसलं, पण माणूस मात्र झाकलेलाच राहिला. त्यांचं स्वप्न मोठं होतं. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालायचा. 1958 मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि याच धोबी तलावावर, सेंट झेवियर्सच्या आवारातल्या चौकात त्याचा कार्यक्रम केला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते.

इकडे चर्चगेटचा रस्ता रात्री जागत राहिला. गेलॉर्ड, ॲम्बॅसेडर, ॲस्टोरिया हॉटेलातलं व्हेनिस, अशी एकापाठोपाठ एक ठिकाणं. व्हेनिसमध्ये मडगावच्या ख्रिस पेरी यांचा ट्रम्पेट आणि लॉर्ना कॉर्देरो यांचा आवाज ऐकायला माणसं ताटकळत. या दोघांनी कोकणी गाण्यात जॅझ मुरवलं. 1960 च्या दशकात ड्यूक एलिंग्टन आणि खुद्द लुई आर्मस्ट्राँगही मुंबईत वाजवून गेले.

रंगभवनाचे दिवस

झेवियर्सच्या मागच्या गल्लीत रंगभवन आहे. उघड्या आकाशाखालचं हे नाट्यगृह जुन्या मराठी रंगकर्मींना राज्य नाट्यस्पर्धेमुळे आठवतं. 1978 मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवाचंही हेच घर. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनचे बादशहा सॉनी रॉलिन्स इथे येऊन गेले. ताजचं जॅझ कोट-टायवाल्यांचं होतं, रंगभवनात ते तिकीट काढून कोणालाही, कॉलेजच्या पोरांनाही ऐकता आलं. पुढे रुग्णालयं आणि महाविद्यालयांच्या शेजारामुळे हा परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि कार्यक्रम बंद पडले. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दहशतवादी हल्ल्यात पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर याच गल्लीत शहीद झाले. आज बहुतेकांना ही गल्ली तेवढ्यासाठीच ठाऊक आहे.

कुडीही आता कमी होत चालल्या आहेत. तरुण गोवेकर मुंबईला यायच्या ऐवजी परदेशी जातो. बाजारभाव पाहता दक्षिण मुंबईतली ही जागा म्हणजे सोनं. तरीही ज्या कुडी टिकल्या आहेत त्यांच्यात संध्याकाळची प्रार्थना होते आणि गावची माणसं उतरतात.

आपल्यासाठी

धोबी तलाव आपल्याला एक गोष्ट स्पष्ट सांगतो. संगीत मंचावर फुलतं, पण ते टिकतं निवाऱ्यावर. ताजने मंच दिला, पगार दिला, पण करार संपल्यावर वादकाला सांभाळलं ते गावच्या वर्गणीतून चाललेल्या खोलीने. ती नसती तर यातले कितीतरी वादक मुंबईत टिकले नसते आणि ‘अलबेला’चा तो ठेकाही नसता. असंच उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी आपल्या शेजारी, पनवेलजवळच्या पळस्पे इथे ध्रुपदाचं गुरुकुल उभारलं. तिथे शिष्य गुरूजवळ राहूनच शिकले.

कर्जत-खालापूरच्या गावांत भजनी मंडळं आहेत, हळदीला आणि मिरवणुकीला वाजवणाऱ्या बेंजो पार्ट्या आहेत, शाळकरी मुलांना पेटी-तबला शिकवणारे मास्तर आहेत. या भागात गेल्या काही वर्षांत रिसॉर्ट आणि फार्महाऊस पुष्कळ उभे राहिले. तिथे शनिवार-रविवारी गाणीबजावणी होते, म्हणजे मंच वाढले आहेत. निवारा मात्र वाढलेला नाही. सरावाला जागा नाही म्हणून किती पोरं वाद्य सोडून देतात, हे कोणत्याही गावात विचारून पाहावं. कर्जत आणि खोपोली नगरपरिषदांनी, खालापूरच्या नगरपंचायतीने आणि ग्रामपंचायतींनी आपल्या समाजमंदिराची, शाळेची एक खोली संध्याकाळचे दोन तास वाजवणाऱ्यांसाठी राखून ठेवावी. खर्च फक्त दिव्याचा आणि कुलपाच्या किल्लीचा आहे.

आणि राज्य सरकारने रंगभवन पुन्हा उघडण्याचा मार्ग काढावा. आवाज बाहेर जाऊ न देणारं बंदिस्त सभागृह तिथे बांधता येणं आजच्या तंत्राला अवघड नाही. तोवर पुढच्या खेपेला मुंबईला गेलात तर परतीची लोकल पकडण्याआधी अर्धा तास काढा, फडके चौकापर्यंत चालत जा आणि जेर महालवरच्या गावांच्या पाट्या वाचा. आपल्या कानांत बसलेल्या कितीतरी गाण्यांचे वादक याच जिन्याने चढले-उतरले आहेत.